घंटाबाईंची बदली

सोमवारी सकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी विद्यापीठाच्या लेखन केंद्रात घंटाबाई सतराव्या पेन्सिलीला टोक काढत होत्या. रोज चोवीस पेन्सिली. टोकयंत्र टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळलेलं होतं, पण तीन वर्षांपासून ते डुगडुगायचं, त्यामुळे उजव्या हाताने मूठ फिरवायची आणि डाव्या हाताने यंत्राचं बखोट धरून ठेवायचं, अशी कसरत चाले. अठरावी पेन्सिल आत घातली आणि दारावर टकटक झाली.

बाईंनी मान वर केली नाही. एकोणीस वर्षांत या वेळी या दारावर दोघांनीच टकटक केली होती. एक आग विझवायची नळकांडी तपासणारा, आणि दुसरा कबुतरं हाकलायला आलेला, तोही चुकीच्या मजल्यावर.

"दहाला या," त्या आतूनच म्हणाल्या.

"पण इथे साडेसात लिहिलंय," बाहेरून एका बाईचा आवाज आला.

"कुठे लिहिलंय?"

"तुमच्याच वार्तापत्रात. लेखन केंद्र, सेवा आणि वेळा. सोमवार ते शुक्रवार, साडेसात ते पाच."

पेन्सिल यंत्रात तशीच राहिली. ते वार्तापत्र घंटाबाईंनी स्वतः टाइप केलं होतं.

केंद्र तिसऱ्या मजल्यावर. एका बाजूला संख्याशास्त्राचा विभाग, दुसऱ्या बाजूला पाण्याचं यंत्र, आणि दोन्हींत गर्दी सारखीच, म्हणजे उन्हाळ्यात यंत्राकडे जास्त. आत सहा टेबलं, मध्ये खांद्याइतक्या उंचीचे प्लायवूडचे आडोसे. विद्यार्थी आपले निबंध, प्रकल्प, प्रबंध घेऊन येतात आणि अर्धा तास मार्गदर्शकासमोर बसतात. मार्गदर्शक चुका दुरुस्त करत नाही. तो प्रश्न विचारतो. भिंतीवर चौकटीत लावलंय: "पेन्सिल विद्यार्थ्याच्या हातात राहील." केंद्राच्या संचालक मॅडमनी हा नियम केला आणि त्यावर त्या परिषदांतून बोलूनही आल्या.

घंटाबाईंचं या पद्धतीबद्दलचं मत पहिल्या आठवड्यात तयार झालं आणि पुढे बदललं नाही. "डॉक्टरकडे गेलो," त्या म्हणत, "आणि डॉक्टरनेच विचारलं, तुम्हाला काय वाटतं, काय झालंय? तर आपण काय करू? दुसरा डॉक्टर बघू. इथे पोरं त्याच डॉक्टरकडे परत येतात."

त्यांचं स्वतःचं काम सोपं होतं. वही ठेवायची, वेळा द्यायच्या आणि घंटा वाजवायची. अठ्ठाविसाव्या मिनिटाला एक ठोका, म्हणजे आवरा. तिसाव्या मिनिटाला दोन, म्हणजे उठा. एकदा एक प्राध्यापक आपला लेख घेऊन आले आणि दोन ठोक्यांनंतरही वाक्य संपवत राहिले, तेव्हा बाईंनी तिसरा ठोका त्यांच्या कानाशी जाऊन दिला. नाव तेव्हापासून पडलं. त्या नावातला चावटपणा बाईंना पहिल्याच दिवशी कळला होता. न कळल्यासारखं केलं की पोरांची मजा निम्मी होते, एवढं त्या जाणून होत्या. तोंडावर सगळे मावशीच म्हणत.

याआधी त्या पंख्यांच्या कारखान्यात टेलिफोन जोडून द्यायच्या. चौदा वर्षं. मग भिंतीवर एक करड्या रंगाची पेटी बसली आणि फोन आपोआप जोडले जाऊ लागले. छत्तिसाव्या वर्षी त्या इथे आल्या. नवरा चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासतो. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात. घरून येणारी पहिली बस त्यांना सात दहाला फाटकाशी सोडते, दुसरी दहा वाजून दहा मिनिटांनी. नेमणूक दहाची. दहा मिनिटं उशीर करण्यापेक्षा तीन तास लवकर आलेलं बरं, असं त्यांनी ठरवलं, आणि पेन्सिली आटोपून कामाला बसल्याची खरी वेळ हजेरीपटावर लिहीत राहिल्या. साडेसात. खोटं कशाला लिहायचं?

महिन्यापूर्वी मॅडमनी त्यांना खोलीत बोलावलं होतं.

"बाई, एक तारखेपासून वेळा ऑनलाइन घेणार. विद्यार्थी फोनवरूनच नोंद करतील."

"आणि घंटा?"

"तीही फोनच वाजवेल."

"आणि मी?"

"तुमची भांडार विभागात सोय केलीय. प्रशासन इमारत, तळघर. शांत जागा आहे."

भांडार म्हणजे ट्यूबलाइटच्या पट्ट्या, शाईचे डबे आणि प्रयोगशाळांतून आलेली तीन पायांची स्टुलं. बाई एकदा पेन्सिली आणायला गेल्या होत्या आणि शिंकत परत आल्या होत्या.

"तिथे खिडकी आहे का?"

"हवा खेळती आहे," मॅडम म्हणाल्या. म्हणजे नव्हती.

गोष्ट इथवर थांबली असती तर बाईंनी ती गिळली असती. एकदा करड्या पेटीने खुर्ची घेतली, आता फोनने घेतली, यंत्रांना त्यांच्या खुर्च्याच आवडतात, असं म्हणून मोकळ्या झाल्या असत्या. पण केंद्राचं वार्तापत्र दर सत्राला निघतं आणि ते बाईच जुळवतात. एका बाजूला "सेवा आणि वेळा," दुसऱ्या बाजूला "आपली माणसं." कोण नवं आलं, कोणाचा लेख छापून आला, कोणाला मुलगी झाली. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या बदलीचं 'आपली माणसं'मध्ये घ्या. साठ शब्द पुरेत."

"माझंच मी लिहू?"

"तुमच्याइतकं तुम्हाला कोण ओळखतं?"

बाईंनी टेबलावर येऊन चार मिनिटांत लिहिलं: "स्वागत टेबलावरच्या बाईंना भांडारात टाकलं आहे. टेबलही भांडारातच जाणार आहे. दोघांची तिथे गाठ पडेल."

केंद्रातून बाहेर जाणारा प्रत्येक कागद आधी केंद्रातच एका मार्गदर्शकासमोर बसतो, हाही मॅडमचाच दंडक. सूचनाफलकावरची "पंखा बंद करा" ही चिठ्ठीसुद्धा अर्धा तास बसली होती आणि बाहेर पडली तेव्हा तीन ओळींची झाली होती. बाईंचा मजकूर मौनीबाबांकडे गेला. मौनीबाबा सर्वांत जुने मार्गदर्शक. दोन प्रबंध अर्धवट सोडलेले, दाढी पूर्ण. प्रश्न विचारला की ते उत्तराची वाट इतक्या शांतपणे पाहत की दोन विद्यार्थिनी घाबरून विषयच बदलून आल्या होत्या.

"यातून वाचकाला काय कळावं असं तुम्हाला वाटतं?" त्यांनी विचारलं.

"मला भांडारात टाकलंय हे."

"आणि काय वाटावं?"

"ते वाचकाचं वाचक बघेल."

मौनीबाबा गप्प बसले. दीड मिनिट. बाईंनी मनातल्या मनात मोजलं.

सात खर्डे झाले. चौथ्यात "एकोणीस वर्षं" आलं, पाचव्यात ते गेलं. सहाव्यात मॅडमनी समासात लिहिलं, "शेवटी काही कमी आहे असं वाटतं का?" म्हणजे शुभेच्छा हव्या होत्या. "शुभेच्छा कोण देतंय?" बाई मौनीबाबांना म्हणाल्या. "मीच मला?" त्यावर मौनीबाबा म्हणाले, "हा चांगला प्रश्न आहे," आणि पुन्हा गप्प झाले. शेवटी छापलं ते असं: "आमच्या स्वागत टेबलावरील सहकारी एक तारखेपासून भांडार विभागात रुजू होत आहेत. त्यांना पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा." पंधरा शब्द.

त्या पंधरा शब्दांच्या नादात पानाची दुसरी बाजू राहून गेली. "सेवा आणि वेळा" टाइप करताना बाईंनी वेळापत्रकाच्या कागदाऐवजी शेजारचा हजेरीपट पुढ्यात घेतला आणि केंद्राच्या वेळेच्या जागी स्वतःची वेळ उतरवली. साडेसात ते पाच.

आता कोणीही म्हणेल, सहा मार्गदर्शक आणि मॅडम, अशी सात शिकलेली माणसं डोळ्यांवर कातडं ओढून बसली होती का? नव्हती. सातही जणांना दिसलं. कच्ची प्रत सगळ्यांकडून फिरून आली, आणि "साडेसात"च्या शेजारी समासात सात प्रश्न होते. एकाने लिहिलं होतं, "हा आकडा इथे काय काम करतो?" बाईंनी खाली उत्तर दिलं, "वेळ सांगतो." मौनीबाबांनी विचारलं होतं, "ही वेळ वाचकाला कशी वाटेल?" बाईंनी लिहिलं, "लवकर." आणि खुद्द मॅडमनी, सुंदर तिरक्या अक्षरात: "ही वेळ तुमच्याकडे कुठून आली?" बाईंनी लिहिलं, "हजेरीपटातून."

सगळी उत्तरं बरोबर होती. "दहा करा" हे दोन शब्द मात्र कोणी लिहिले नाहीत, कारण ते दुरुस्त करणं झालं असतं. शुक्रवारी पावणेपाचला वार्तापत्र नऊ हजार लोकांच्या फोनवर गेलं.

त्यातली पहिली आता दारात उभी होती. परिचारिका. रात्रपाळी करून थेट आलेली. पायात ड्यूटीचे बूट, काखेत फाइल, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिच्या मागे ग्रंथालयाचा पहारेकरी, तोही गणवेशात, आणि जिन्यावर आणखी पावलं वाजत होती.

बाईंनी मॅडमना फोन लावला.

"मॅडम, वार्तापत्रात वेळ चुकलीय. लोक आलेत."

"किती?"

"पाच. सहावा जिना चढतोय."

"दहाला बोलवा त्यांना."

"एक रात्रपाळीहून आलीय. दहाला ती घोरत असेल."

"मग बसवून ठेवा, मी निघते."

बाईंनी सगळ्यांना आत बसवलं. पाच मिनिटं सगळे भिंतीवरची चौकट वाचत बसले. मग परिचारिका उठून टेबलाशी आली.

"मावशी, तुम्हीच बघता का? आज तीनला द्यायचंय. आठ पानं आहेत."

"मला काय कळतंय त्यातलं? मी घंटा वाजवते."

"नाहीतर मी इथेच झोपेन. सांगून ठेवते."

बाईंनी घड्याळ पाहिलं. सात अठ्ठेचाळीस. मार्गदर्शक दहाला येणार. एकोणीस वर्षं त्यांनी प्लायवूडच्या आडोशापलीकडून दिवसाला वीस बैठका ऐकल्या होत्या, इच्छा नसताना, जशी शेजारच्यांची भांडणं ऐकू येतात. आणि त्यांचा हिशोब असा होता की प्रश्न सगळे मिळून चारच. काय म्हणायचंय? कोणाला म्हणायचंय? हे इथे का आहे? मग पुढे काय? बाकीचा अर्धा तास मौन.

"बस," त्या म्हणाल्या, आणि टेबल क्रमांक तीनवर, मौनीबाबांच्या खुर्चीत बसल्या. "पेन्सिल तू घे. कशावर आहे?"

"बेडसोअर. पडून पडून पेशंटला होणाऱ्या जखमा. त्या होऊ नयेत म्हणून काय करायचं."

"वाच."

परिचारिकेने वाचलं. "मानवी संस्कृतीच्या आरंभापासून शुश्रूषेला अनन्यसाधारण महत्त्व राहिले आहे..."

"हे इथे का आहे?"

"सुरुवात करायला."

"कोणाला सांगतेस?"

"आमच्या सरांना."

"त्यांना माहीत नाही?"

"त्यांनीच सांगितलंय की प्रस्तावना हवी."

"बरं. तुझा पेशंट कधी येतो?"

परिचारिकेने पानं उलटली. "चौथ्या पानावर."

"आणि त्याची कूस किती वेळाने बदलायची?"

"दर दोन तासांनी."

"मग तीन पानं तो कुठल्या कुशीवर पडलाय?"

 परिचारिकेला असं हसू फुटलं की पहारेकरी दचकून उभा राहिला. हसता हसताच तिने पेन्सिल उचलली आणि पहिल्या तीन पानांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. बाईंचा हात मध्येच पुढे गेला होता, "अगं, ती एक ओळ ठेव" म्हणायला. तो त्यांनी मागे घेतला आणि सरळ त्याच्यावर बसल्या. उजवा हात मांडीखाली. बाकीची बैठक त्यांनी तशीच केली. अठ्ठाविसाव्या मिनिटाला डाव्या हाताने घंटा वाजवली.

पाठोपाठ पहारेकरी. त्याचा विषय ग्रंथालयातून चोरीला जाणारी पुस्तकं, आणि बावीस पानांत एकही चोर नव्हता. मग एक बाई, मुलांना शाळेत सोडून आलेली. मॅडम आठ पन्नासला, केस ओले, एका हातात गाडीची किल्ली, दारात पोचल्या, तेव्हा बाकावर चौघं बसली होती आणि आडोशामागून घंटाबाईंचा आवाज येत होता: "मग पुढे काय?"

मॅडमनी आडोशावरून डोकावलं. "बाई, हे काय चाललंय?"

"नियम पाळतेय."

"हातावर का बसलाय?"

"तेच म्हटलं ना."

मॅडमनी त्यांना खोलीत नेलं आणि दार लावलं.

"तुम्ही मार्गदर्शक नाही."

"नाही."

"पदवी नाही."

"नाही."

"उद्या कोणी विचारलं, की लेखन केंद्रात स्वागत टेबलावरच्या बाई प्रबंध बघतात..."

"मी बघितलं नाही, मॅडम. चष्मासुद्धा घातला नव्हता. मी विचारलं फक्त. उत्तरं त्यांच्याकडेच होती."

हे वाक्य मॅडमच्या परिषदेतल्या भाषणातलं होतं. दोघींनाही ते माहीत होतं.

"आणि इतकी ढळढळीत चूक," मॅडमनी विषय बदलला, "नऊ हजार लोकांकडे गेली. एकाने तरी तुम्हाला सांगायला हवं होतं!"

बाई उठल्या, टेबलाच्या खणातून कच्ची प्रत आणली आणि मॅडमसमोर ठेवली. मॅडमनी समास वाचला. वरपासून खालपर्यंत. आपल्या तिरक्या अक्षरापाशी आल्या आणि थांबल्या. इतका वेळ थांबल्या की मौनीबाबांचीही चुळबुळ झाली असती.

"दुपारपर्यंत दुरुस्ती पाठवा," शेवटी त्या म्हणाल्या. "दहा ते पाच."

"पाठवते. आधी बैठक लागेल."

"कसली?"

"बाहेर जाणारा प्रत्येक कागद."

दहाला मार्गदर्शक आले. सव्वादहाला एका ओळीच्या दुरुस्तीवर बैठक बसली. या दुरुस्तीतून वाचकाला काय कळावं? जो सकाळी येऊन गेला त्याला काय वाटेल? "क्षमस्व" कोण म्हणतंय? साडेअकराला दुरुस्ती चार ओळींची झाली होती, तेवढ्यात ऑनलाइन नोंदणी बसवणारा तंत्रज्ञ वर आला. त्याने यंत्रणा चाचणीसाठी आठवडाभर आधी, त्याच सकाळी नऊला सुरू केली होती आणि वेळा, अर्थातच, वार्तापत्रातून उचलल्या होत्या.

"तुमच्या सकाळच्या वेळा भारी चालल्यात," तो म्हणाला. "साडेसात ते साडेनऊ, पुढचे दोन आठवडे भरले. दहा ते पाचमध्ये अजून जागा आहे."

"त्या रद्द करता येतील?" मॅडमनी विचारलं.

"एक बटण आहे. पण नोंद केलेल्या प्रत्येकाला निरोप जाईल. त्याचा मजकूर तुम्ही लिहून द्या."

खोलीतल्या आठ जणांनी एकमेकांकडे पाहिलं. बटण तसंच राहिलं.

मग सकाळी येणार कोण? मार्गदर्शकांच्या नेमणूकपत्रात दहा लिहिलं होतं आणि ते प्रत्येकाला तोंडपाठ होतं. एकीचं बाळ लहान, एकाची गाडी लांबून. मॅडमनी मौनीबाबांकडे पाहिलं. "सकाळी मी..." मौनीबाबा म्हणाले, आणि गप्प झाले. यावेळी मात्र त्यांचं म्हणणं सगळ्यांना लगेच कळलं. "पेन्सिली काढायला मी असतेच," बाई म्हणाल्या. त्या आठवड्याच्या उरलेल्या चारही सकाळी त्याच बसल्या. कोणी बसायला सांगितलं नाही आणि कोणी उठवलंही नाही.

त्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी नवऱ्याने जेवता जेवता सगळं ऐकून घेतलं.

"आमच्याकडे झालं होतं असं," तो म्हणाला. "एका गिऱ्हाइकाला भलत्याच नंबरचा चष्मा गेला. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणतो, पहिल्यांदा नीट दिसतंय."

"मग?"

"मालकाने तोच नंबर वहीत लिहून घेतला. मला मात्र ओरडला."

"म्हणजे माझी बदली टळेल असं म्हणता?"

"मी म्हणतो, ओरडा खाशील. टळायचं काय ते माहीत नाही." मग थोड्या वेळाने म्हणाला, "अगं, पण त्या पेशंटचं तू विचारलंस ते आवडलं मला. कुठल्या कुशीवर म्हणे!" आणि भांडी आवरेपर्यंत दोनदा हसला. बाई हसल्या नाहीत. तळघराला खिडकी नव्हती हे त्या विसरल्या नव्हत्या, आणि निवृत्तीला अजून साडेपाच वर्षं होती.

शुक्रवारी, सत्तावीस तारखेला, मॅडमनी बोलावलं.

"बदलीचा आदेश कुलसचिवांच्या सहीचा आहे," त्या म्हणाल्या. "तो फिरत नाही. टेबल जाणार."

बाईंनी मान हलवली. हे त्यांना अपेक्षित होतं.

"पण सकाळचं मी त्यांच्याशी बोलले. साडेसात ते साडेनऊ तुम्ही इथे. दहापासून भांडारात."

"दोन्हीकडे?"

"दोन्हीकडे."

"म्हणजे लग्न तिकडे आणि माहेरपण इकडे."

"बाई, मी जेवढं झालं तेवढं केलंय."

ते खरं होतं, आणि बाईंनाही दिसत होतं. मॅडमना कुलसचिवांकडे तीन वेळा जावं लागलं होतं आणि वर्षानुवर्षं मांडलेली पद्धत एका घंटेवाल्या बाईला येते, हे त्यांना सांगावं लागलं होतं. हे सांगायला छाती लागते, किंवा दुसरा इलाज नसावा लागतो.

"लेखी द्या," बाई म्हणाल्या.

"देते. 'प्रातःकालीन प्रतीक्षा समन्वयक' असं पद सुचवलंय." मॅडमनी खर्डा टेबलावर ठेवला.

"म्हणजे काय?"

"म्हणजे सकाळी आलेल्यांना तुम्ही थांबवून ठेवता."

"आणि विचारते ते?"

"ते कागदावर घेता येणार नाही. पदवी लागते."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. गळ्यातल्या साखळीला लटकणारा चष्मा काढून टेबलावर ठेवला, उजवा हात मांडीखाली घेतला आणि डाव्या हाताने पेन्सिल मॅडमच्या पुढ्यात सरकवली.

"वाचा," त्या म्हणाल्या.

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. मग वाचलं.

"'प्रातःकालीन' कोणासाठी आहे?"

"कुलसचिवांसाठी."

"ते किती वाजता उठतात?"

मॅडमनी "प्रातःकालीन"वर रेघ मारली.

"'प्रतीक्षा' इथे का आहे? कोणी थांबत नाही. आले की बसतात."

दुसरी रेघ.

"'समन्वयक' म्हणजे मी कोणाचा कोणाशी समन्वय घालते?"

"बाई, काहीच उरणार नाही अशाने."

"तुम्हाला काय म्हणायचंय?"

मॅडमनी पेन्सिलीचं टोक कागदावर टेकवलं. बाहेर मौनीबाबांच्या टेबलावर कोणीतरी पान उलटल्याचा आवाज आला. बाई गप्प बसून राहिल्या. गप्प बसणं हे या कामातलं सगळ्यात अवघड, हे त्यांना त्या आठवड्यातच कळलं होतं. एकोणीस वर्षं त्यांनी त्याला फुकट पगार म्हटलं होतं.

"की सकाळी साडेसात ते साडेनऊ," मॅडम हळूच म्हणाल्या, "टेबल क्रमांक तीन तुमचं. जो येईल त्याचं लिखाण तुमच्यासमोर वाचलं जाईल."

"मग तेच लिहा."

मॅडमनी तेच लिहिलं. पद, हुद्दा, समन्वय काही नाही. सोमवारी कुलसचिवांची सही होऊन आली, तेव्हा त्यांनी समासात काहीही विचारलं नव्हतं, ही या आठ दिवसांतली एकमेव गोष्ट होती जी कोणी काही न विचारता पुढे गेली.

सोमवार, तीस तारीख. दुपारी साडेतीनला दोघं जण स्वागत टेबल उचलून जिन्याने खाली घेऊन गेले. वळणावर त्याचा एक पाय कठड्याला घासला आणि रंग निघाला. बाईंनी वर उभं राहून "डावीकडे घ्या, डावीकडे" सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. टेबलाखालच्या फरशीवर एकोणीस वर्षांचा चौकोन उमटला होता, आजूबाजूपेक्षा स्वच्छ. एका मार्गदर्शकाने तिथे कुंडी ठेवू या का असं विचारलं. बाई म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं?" त्याने कुंडी ठेवली.

वार्तापत्राची दुरुस्ती अजून बैठकीत आहे.

उद्या मंगळवार, एक तारीख. टेबल क्रमांक तीनच्या साडेसात, आठ, साडेआठ आणि नऊ या चारही वेळा भरलेल्या आहेत. दहाला बाईंनी भांडार विभागात सही करायची आहे. तिथे जायला पायी सात मिनिटं लागतात.